अकरावं पान

रविवारी दुपारी सव्वातीन वाजता, दापोडीत, कोंडीरामच्या बंद वर्कशॉपमध्ये खंडूने जयसिंगच्या तोंडाला भोक पाडलं. भोक पाव इंची होतं, कडा साफ होत्या आणि जिथे पाडायचं ठरलं होतं तिथेच ते पडलं होतं.

जयसिंग स्वतः त्या वेळी दिघीला आपल्या घरी जेवून झोपला होता. त्याला काही झालं नाही. भोक पडलं ते त्याच्या लग्नाच्या फोटोला. दुसऱ्या दिवशी सकाळी पुण्याच्या कोर्टात तारीख होती, आणि जयसिंगच्या विरुद्ध दाखवण्यासारखा सगळ्यात पक्का पुरावा तोच होता.

प्रभावतीने पोटगीचा अर्ज केला तेव्हा घरच्यांना वाटलं होतं की भांडण रकमेवरून होईल. जयसिंगने उत्तर दिलं ते वेगळंच. अर्जदार बाईशी आपलं लग्न झालेलंच नाही. अग्नी नव्हता, सप्तपदी नव्हती. इतकंच काय, त्या दिवशी आपण दापोडीत नव्हतो, कंपनीत ड्यूटीवर होतो. त्याचं दुसरं लग्न घाटत होतं, त्याची ही तयारी होती. ते उत्तर वाचून दाखवल्यावर प्रभावती रडली नाही. तिने वकिलांना विचारलं, असं ठरलं तर शाळेत मुलीच्या, संघमित्राच्या नावापुढे काय लिहायचं. टिळेकर वकील चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, फोटो आहे ना, फोटो जपा.

आणि कागदांचे तीन संच करून आणा, असंही म्हणाले. एक कोर्टाला, एक समोरच्या वकिलाला, एक आपल्याला. पानांना नंबर घाला, डाव्या बाजूने पक्के बांधा, मधलं पान कुणाला काढता येऊ नये. मूळ फोटो फक्त कोर्टाच्या संचात.

हे सांगताना समोर कोण बसलं आहे याचा वकिलांना अंदाज नव्हता. प्रभावतीचे वडील साहेबराव पिंपरीच्या एका इंजिनाच्या कंपनीत इन्स्पेक्टर होते. इन्स्पेक्टर म्हणजे शॉपमधून आलेला माल मोजून, तपासून, पास किंवा रिजेक्ट करणारा माणूस. घरात आलेली मेथीची जुडीसुद्धा ते उलटीसुलटी करून मगच आत जाऊ देत. तीन संच म्हटल्यावर त्यांनी रविवार राखून ठेवला, बाज भिंतीला उभी केली आणि चटईवर लाइन लावली. पहिल्या जागी त्यांची बायको केसरबाई, खळीचं भांडं घेऊन. दुसऱ्या जागी प्रभावती, नंबर घालायला. तिसऱ्या जागी ते स्वतः, निळी पेन्सिल घेऊन. शेवटी जोडणीला खंडू, म्हणजे केसरबाईंचा धाकटा भाऊ, दुसऱ्या एका कंपनीच्या टूलरूममधला फिटर.

काम झकास चाललं. अर्ज, उत्तर, लग्नपत्रिका, विहाराच्या मंडळाचा दाखला, रेशनकार्डाची नक्कल असं एकेक पान पुढे सरकत होतं. केसरबाई म्हणाल्या की कंपनीत चहाची सुट्टी असते, इथं नाही का. साहेबराव म्हणाले, लाइन थांबवायची नसते. त्यावर लाइन थांबवून चहा झाला.

अकराव्या पानावर फोटो आला. पोस्टकार्डाएवढा, काळापांढरा. डावीकडे जयसिंग, पांढरा सदरा, गळ्यात हार, शेजारी प्रभावती, मागे दोन्हीकडची मंडळी आणि भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरी. साहेबरावांचं म्हणणं पडलं की नुसता फोटो लावला तर न्यायाधीशाला कोण कोण ते कसं कळणार. ड्रॉइंगच्या शेजारी पार्टांची नावं असतात, तशी इथे हवीत. म्हणून त्यांनी फोटो फुलस्केपच्या अगदी डाव्या कडेला चिकटवायला लावला, उजवीकडे माणसांची नावं लिहिली आणि प्रत्येक नावापासून ज्याच्या त्याच्या तोंडापर्यंत पट्टीने बाण काढला. एक नंबरचा बाण जयसिंगचा.

मग भोकांचा प्रश्न आला. दाभणाने भोकं पाडली तर वेडीवाकडी येतील, असं खंडू म्हणाला. साहेबरावांना ते पटलं. शिवाय तिन्ही संचांची भोकं एकसारखी हवीत, कुठलंही पान कुठल्याही संचात बसलं पाहिजे, असं त्यांनी वर सांगितलं. खंडूने दोन फळ्यांमध्ये तिन्ही संच एकावर एक आवळले, साहेबरावांनी कडा बघितल्या, वरच्या फळीवर निळ्या पेन्सिलीने टिक केली, आणि खंडू फळ्या बगलेत मारून कोंडीरामच्या वर्कशॉपकडे गेला.

चारच्या सुमारास तो परत आला तेव्हा संच नटबोल्टांनी बांधलेले होते. खाली वर वायसर होते. देखणं काम होतं. साहेबरावांनी पहिला संच हातात घेतला, हलवून पाहिला, उघडला आणि अकराव्या पानावर थांबले.

बाण बरोबर होता. त्याच्या टोकाला भोक होतं. भोकाच्या वर जयसिंगचा भांग आणि खाली सदऱ्याची कॉलर तेवढी उरली होती.

प्रभावतीने वाकून पाहिलं आणि ती हसायला लागली. पदर तोंडाशी धरूनही तिला हसू आवरेना. गेल्या दीड वर्षात घरात ती अशी हसली नव्हती. केसरबाई आधी लेकीकडे बघून हसल्या, मग नवऱ्याकडे बघून थांबल्या.

साहेबराव हसत नव्हते. त्यांनी संच खाली ठेवला आणि शांतपणे विचारलं, "भोसरीला त्याच्याबरोबर चहा प्यायला होतास तू मागल्या महिन्यात. खरं ना?"

प्रश्नाचा रोख, म्हणजे हे भोक त्याने जयसिंगसाठी मुद्दाम पाडलं असा, खंडूला कळायला थोडा वेळ लागला. कळला तेव्हा त्याचे कान लाल झाले.

हे स्थळ त्यानेच आणलं होतं. जयसिंग त्याच्याच टूलरूममध्ये, शेजारच्या मशीनवर. चांगला कारागीर, हात हलका, बोलणं गोड. आपल्या भाचीला दुसरं कोण शोधायचं, असं तेव्हा त्याला वाटलं होतं. पुढे जे झालं त्यानंतर या घरात त्याला कुणी एका शब्दाने बोललं नव्हतं, आणि तेच त्याला जड जात होतं. भोसरीला तो चहा प्यायला होता हे खरं. दुसरं लग्न करू नकोस, हे सांगायला. जयसिंगने ऐकून घेतलं, चहाचे पैसे दिले आणि शिफ्टची वेळ झाली म्हणून उठून गेला. सांगण्यासारखं त्यात काही नव्हतं, म्हणून खंडूने घरी सांगितलं नव्हतं.

तो उठला. फळ्या कोपऱ्यात होत्या. त्यातली वरची त्याने उचलून मेहुण्यासमोर धरली.

"दाजी, ही टिक कुणाची?"

साहेबरावांनी टिकेकडे पाहिलं. कंपनीत एक नियम होता आणि तो दोघांनाही पाठ होता. इन्स्पेक्टरने पास केलेला माल पुढे बिघडला तर जबाबदारी इन्स्पेक्टरची. फोटो कडेला कुणी लावायला सांगितला, कडा कुणी बघितल्या, हे खंडूने बोलून दाखवलं नाही. नियमात तेही येत होतं.

केसरबाई दोघांच्या मध्ये येऊन बसल्या. आयुष्यभर त्या नवऱ्याच्या बाजूने बोलत आल्या होत्या, म्हणजे भावाच्या विरुद्ध नव्हे, पण जागा नवऱ्याच्या शेजारची असायची. आज त्यांनी फळी भावाच्या हातातून घेतली आणि आपल्या मांडीवर ठेवली.

"माझ्या भावाच्या मनात तसलं काय आलं असतं ना, तर त्यानं भोक वाकडं पाडलं असतं," त्या म्हणाल्या. "इतकं नीट कुणी मुद्दाम पाडत न्हाई."

साहेबरावांनी पुन्हा भोकाकडे पाहिलं. नीट होतं हे त्यांना दिसतच होतं.

दुसरी प्रत कुठे मिळेल याचा विचार सुरू झाला. फोटो काढणाऱ्याच्या दुकानाच्या जागी आता सायकलवाला होता. फोटोच्या प्रती तेव्हा दोनच निघाल्या होत्या, एक मुलीकडे, एक मुलाकडे. मुलाकडची दिघीला, जयसिंगच्या आईच्या घरात. प्रभावतीने जायची तयारी दाखवली, केसरबाईंनी तिला बसवलं. साहेबरावांनी जाण्यात अर्थ नव्हता. ते तिथल्या चहाच्या कपातही खोट काढतील.

"मी जाते," केसरबाई म्हणाल्या. "खंडू, चप्पल घाल."

*

भोसरीपर्यंत बस होती, पुढे पायी. लष्कराच्या तारेच्या कडेने चालताना खंडू दोनदा म्हणाला की आक्का, मी बाहेरच थांबतो. केसरबाई चालत राहिल्या. त्यांची चिंता निराळी होती. जयसिंगच्या आईशी, भिमाबाईंशी, त्यांचं कधी भांडण झालं नव्हतं. दोघींनी मिळून लग्नाच्या पंगती वाढल्या होत्या. नातीच्या वेळी भिमाबाई डिंकाचे लाडू घेऊन आल्या होत्या. प्रभावती माहेरी आल्यापासून मात्र दोघींची भेट नव्हती. भांडलेल्या माणसाकडे जाणं सोपं, असं त्यांना त्या रस्त्यावर वाटत होतं.

जयसिंग साडेचारच्या सेकंड शिफ्टला, रविवारच्या ओव्हरटाइमला गेला होता. दार भिमाबाईंनीच उघडलं.

"जयभीम, इहिणबाई," केसरबाई म्हणाल्या.

"जयभीम. या," भिमाबाई म्हणाल्या, आणि खंडूला बघून, "तू पण ये, मेल्या. दारात काय उभा राहतोस?"

घर तसंच होतं. फक्त समोरच्या भिंतीवर, जिथे फोटो असायचा, तिथे चुन्याचा उजळ चौकोन आणि खिळा होता. केसरबाईंनी तो पाहिला आणि त्या पाहतायत हे भिमाबाईंनी पाहिलं. पाणी झालं, नातीची चौकशी झाली. पहिलीत पाढे म्हणते हे ऐकून भिमाबाईंनी कितीचे ते विचारलं.

मग केसरबाईंनी सरळ विषय काढला. उद्या तारीख आहे, फोटो लागतो, आमचा खराब झाला. कसा खराब झाला, हे भिमाबाईंनी विचारलं. इथे एखादी थाप चालून गेली असती. पाणी सांडलं म्हटलं असतं तरी झालं असतं. पण केसरबाईंना ते सुचण्याआधी खंडूने सगळं सांगून टाकलं, फळ्या, ड्रिल, वायसरसकट.

भिमाबाईंनी ऐकून घेतलं. त्यांच्या ओठांचे कोपरे हलले.

"तोंडालाच?"

"मधोमध."

"त्याचा बाप असता तर बापानंबी हेच केलं असतं," त्या म्हणाल्या आणि उठून आत गेल्या. पत्र्याचा डबा सरकवल्याचा, ज्वारी उपसल्याचा आवाज आला. बाहेर आल्या तेव्हा हातात जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली फ्रेम होती. जयसिंगने ती भिंतीवरून काढली, त्या दिवसापासून ती ज्वारीच्या डब्यात होती. तो विचारायला लागला तेव्हा चुलीत घातली असं त्यांनी सांगितलं होतं.

केसरबाईंनी हात पुढे केला. भिमाबाईंनी फ्रेम दिली नाही.

त्यांनी काचेवर बोट ठेवलं. जयसिंगवर नाही, प्रभावतीवर नाही. मागच्या रांगेत, तसबिरीच्या खाली, मान तिरकी करून उभ्या असलेल्या उंच माणसावर. जयसिंगचे वडील. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी गेले. त्यांचा दुसरा फोटो कुठेच नव्हता.

"भोकं पाडणाऱ्यांच्या हातात मी आमच्या मालकांना देऊ व्हय?" भिमाबाई म्हणाल्या.

केसरबाईंनी शपथ घेतली की कुणी हात लावणार नाही. खंडू म्हणाला की या वेळी फोटो लिफाफ्यात ठेवू. भिमाबाईंनी मान हलवली नाही. कोर्टात गेलेला कागद परत येत नाही, हे त्यांनी शेजाऱ्यांच्या जमिनीच्या दाव्यात पाहिलं होतं. शिवाय पोरगं माझं आहे, त्याच्याविरुद्ध मी काही बोलणार नाही, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं.

"बोलायला कोण सांगतंय," केसरबाई म्हणाल्या. "नात माझ्या घरात हाय, म्हणून ती काय माझ्या एकटीची न्हाई. एवढंच."

भिमाबाईंनी फ्रेम पुन्हा फडक्यात गुंडाळली. निघताना त्यांनी नातीसाठी शेंगदाण्याचा लाडू पदराला बांधून दिला. फोटो दिला नाही.

*

रात्री साहेबरावांनी अकरावं पान नव्याने लिहिलं. उजवीकडे तीच नावं, तेच बाण, डावीकडे पोस्टकार्डाएवढी कोरी जागा. भोकं मात्र त्यांनी खंडूकडूनच पाडून घेतली, दाभणाने. फोटो मिळणार नाही हे कळलेलं असताना जागा कशाला, असं प्रभावतीने विचारलं. पार्ट आला नाही म्हणून ड्रॉइंगमधून काढून टाकत नाहीत, असं ते म्हणाले.

सकाळी शिवाजीनगरला कोर्टाच्या व्हरांड्यात टिळेकर वकिलांनी ते संच पाहिले. बोल्ट पाहून आधी त्यांना वाटलं की कुणीतरी गंमत केली आहे. नंतर त्यांनी एक पान ओढून पाहिलं. पान निघालं नाही. त्यांनी आणखी जोर लावला. मग म्हणाले की इतक्या वर्षांच्या वकिलीत असं बंडल पाहिलं नाही, आणि कारकून हे घेईल की नाही ते आपल्याला सांगता येत नाही. "हे बांधलं कुणी?" त्यांनी विचारलं. साहेबरावांनी खंडूच्या पाठीवर हात ठेवून त्याला पुढे केलं.

"माझा मेहुणा. टूलरूमला आहे."

प्रभावतीने ते ऐकलं. आईकडे बघितलं, आईनेही ऐकलं होतं.

कारकुनाने बंडल घेतलं नाही आणि परतही केलं नाही. त्याला पहिल्या पानावर शिक्का मारायचा होता आणि बोल्ट आडवा येत होता. खंडूने खिशातून पाना काढून बोल्ट सैल केला. कारकुनाने शिक्का मारला, खंडूने पुन्हा आवळला. मागे रांगेत उभे असलेले दोघेजण हे कौतुकाने बघत होते. अकराव्या पानावर कारकून थांबला. फोटो कुठे आहे, त्याने विचारलं. वकील म्हणाले, येतोय. ते का म्हणाले हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

प्रभावती बाकावर येऊन बसली. आपल्याला त्या घरी परत जायचं नाही हे तिचं कधीच ठरलं होतं. आज फक्त एवढंच पाहिजे होतं की तो दिवस झाला होता, असं कुणीतरी मान्य करावं. लोक वाढत होते. तिने जिन्याकडे पाहायचं नाही असं ठरवलं आणि पाहिलं.

भिमाबाई जिना चढून येत होत्या. स्वच्छ पांढरं लुगडं, डोक्यावर पदर, छातीशी फडक्यात गुंडाळलेली फ्रेम. त्या कुणाला काही न विचारता प्रभावतीच्या बाकावर, तिच्यापासून एका माणसाची जागा सोडून बसल्या. ती जागा का सोडली हे प्रभावतीला तेव्हा कळलं नाही.

टिळेकर लगबगीने आले. फोटो काढून द्या, म्हणाले. भिमाबाई नाही म्हणाल्या. खंडूने पान्याच्या जागी पेचकस काढला आणि मागचे चार खिळे मिनिटात निघतील असं सांगितलं. भिमाबाईंनी फ्रेम पदराखाली घेतली.

"ह्याला आधी लांब उभा करा," त्या म्हणाल्या. केसरबाईंना हसू फुटलं.

वकिलांनी समजावून सांगितलं की फ्रेमसकट फोटो बंडलात लागत नाही. भिमाबाई म्हणाल्या की मग मी हातात धरून दाखवते, साहेबांना बघू द्या, बघून झाला की घरी नेते. वकिलांनी आवाज खाली आणला.

"आजी, हातात धरून आत आलात की साहेब तुम्हाला विचारतील, तुम्ही कोण. हा फोटोतला कोण. मग उत्तर द्यावं लागेल."

"मी काय बोलणार न्हाई म्हणून सांगितलंय," भिमाबाई म्हणाल्या. मग त्यांनी फडकं सोडलं, काच पदराने पुसली आणि फ्रेम मांडीवर उभी ठेवली. "पण कोण म्हणून विचारलं तर नाव चोरायचं व्हय?"

जयसिंग आपल्या वकिलाबरोबर वर आला तो याच वेळी. आईला पाहून तो जिन्याच्या शेवटच्या पायरीवर थांबला. प्रभावतीने त्याचा चेहरा दीड वर्षांनी पाहिला. कालच्या भोकाची आठवण येऊन तिला पुन्हा हसू येईल अशी भीती तिला वाटली. पण आलं नाही. तो थकलेला दिसत होता, सेकंड शिफ्ट करून आलेला.

"आई, इथं काय करतेस? घरी चल," तो म्हणाला.

भिमाबाईंनी बाकावरच्या रिकाम्या जागेवर, आपल्या आणि प्रभावतीच्या मधोमध, हात ठेवला.

"बस," त्या म्हणाल्या. "तुझ्या बापाला बघ. किती तरणा दिसतोय."

तो बसला नाही. गेलाही नाही. फ्रेम त्याच्याकडे तोंड करून होती, आणि तो वडिलांकडे बघत होता की हार घातलेल्या स्वतःकडे, हे प्रभावतीला तिच्या जागेवरून दिसत नव्हतं.

शिपाई दारात आला आणि त्याने दोघांची नावं पुकारली. साहेबराव आणि केसरबाई दाराकडे सरकले, खंडूही पाना खिशात टाकून त्यांच्या मागे गेला. भिमाबाई फ्रेम घेऊन उठल्या. जयसिंग अजून पायरीवरच उभा होता. आत टेबलावर बंडल उघडलेलं होतं आणि अकराव्या पानावर एक नंबरचा बाण कोऱ्या जागेपाशी येऊन थांबला होता.